छपरावरचा बिबट्या

ब्रिटनचे सुपरहिरो म्हटलं की आज बहुतेकांच्या तोंडी कॉमिक-लेखक ॲलन मूरचं नाव येतं. १९८२ च्या मार्चमध्ये 'वॉरियर' नावाचं मासिक निघालं, त्यात मूर आणि चित्रकार गॅरी लीच यांनी मार्व्हलमॅन या जुन्या ब्रिटिश सुपरहिरोला नव्याने उभं केलं, आणि तिथून पुढे सगळं बदललं, असं सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण 'वॉरियर' मोठ्या मुलांचं, कॉलेजातल्यांचं मासिक होतं. त्याच वर्षी शाळेत जाणारं दहा-बारा वर्षांचं पोर ब्रिटनमधल्या कुठल्याही गावात पेपरवाल्याच्या दुकानात काही पेन्स टाकून जे उचलत होतं, ते वेगळंच काही होतं. खरबरीत न्यूजप्रिंट, बोटांना लागणारी शाई, बहुतेक पानं काळीपांढरी, आणि दर आठवड्याला नेमाने येणारा नवा अंक. त्या साप्ताहिकांमधल्या सुपरहिरोंबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मी त्यांच्यावर वाढले, म्हणून लिहिते आहे.

त्यातला माझा होता बिली फार्मर. 'बस्टर' या साप्ताहिकात 'द लेपर्ड फ्रॉम लाइम स्ट्रीट' नावाची मालिका २७ मार्च १९७६ ला सुरू झाली आणि १९८५ पर्यंत चालली. बिली सेलब्रिज नावाच्या काल्पनिक गावात राहणारा तेरा वर्षांचा मुलगा, अंगाने किरकोळ, शाळेत मार खाणारा. शाळेच्या मासिकासाठी लेख लिहायला म्हणून तो एका शास्त्रज्ञाकडे जातो. तिथे शीबा नावाची बिबट्याची मादी असते, तिच्यावर किरणोत्सर्गी प्रयोग चाललेले असतात. ती बिलीला ओरबाडते. मग त्याच्या अंगात बिबट्याची ताकद येते, चपळाई येते, भिंती-छपरं चढण्याची कला येते. तो ठिपक्यांचा पोशाख चढवून रात्री गावाच्या छपरांवरून हिंडू लागतो.

हा स्पायडरमॅन आहे, हे कुणाही पोराच्या पहिल्या पानातच लक्षात येतं. कोळ्याच्या जागी बिबट्या. पीटर पार्करसारखाच बिलीही स्वतःचे फोटो काढून स्थानिक वर्तमानपत्राला, 'सेलब्रिज सन'ला विकतो, आणि तिथलाही संपादक खडूसच असतो. तेव्हा नक्कल आहे यात वाद नाही. पण नक्कल करताना लेखकाने एक गोष्ट उलटी केली, आणि त्या एका गोष्टीमुळे ही मालिका माझ्या लेखी मूळ स्पायडरमॅनच्या जवळपास जाऊन बसते.

पीटर पार्करचे अंकल बेन देवमाणूस. ते मरतात, आणि त्यांच्या मरणाचं ओझं पीटरला जन्मभर चांगलं वागायला लावतं. बिलीचाही सांभाळ करणारे एक अंकल आहेत, अंकल चार्ली. पण ते मरत नाहीत. ते घरातच असतात. कामधंदा करत नाहीत, बिलीने मिळवलेल्या पैशांवर डोळा ठेवतात आणि त्याच्यावर हात उगारतात. आंट जोन प्रेमळ आहे, पण प्रकृतीने नाजूक आणि नवऱ्यापुढे हतबल. म्हणजे गावातले चोर-दरोडेखोर ज्याला पाहून पळ काढतात, तो मुलगा रात्री खिडकीतून आपल्या खोलीत उतरतो तेव्हा जिन्यावर अंकल चार्लीच्या पावलांचा आवाज येतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. आपण कोण आहोत हे त्याला सांगता येत नाही. सांगितलं तर अंकल चार्ली त्याचाही पैसा करतील.

मुलांच्या कॉमिकमध्ये, विनोदी चित्रकथांच्या शेजारी, आठवड्यामागून आठवडे हे चाललेलं होतं. आज एखादा प्रकाशक घरातली मारहाण हा विषय मुलांसाठी घेईल तेव्हा त्याभोवती किती सूचना, किती समुपदेशन असेल. 'बस्टर'मध्ये त्याचं कुणी नावही घेत नव्हतं. बिलीच्या घरी असं आहे, एवढंच. ज्या पोराच्या घरी असं होतं त्याला ते वाचताना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. आमच्या वर्गात तशी एक-दोन मुलं होती. तेव्हा आम्हाला कळत नव्हतं असं नाही.

आमचं घर तसं नव्हतं. बाबांना लँकेशायरमधल्या एका इस्पितळात नोकरी लागली म्हणून आम्ही मिरजेहून तिकडे गेलो. कापडगिरण्यांचं गाव. आम्ही पोचलो तेव्हा बऱ्याच गिरण्या बंद पडलेल्या, उरलेल्या बंद पडत चाललेल्या. लाल विटांच्या घरांच्या एकमेकांना चिकटलेल्या रांगा, मागच्या बाजूला अरुंद बोळ, आणि प्रत्येक छपरावर धुराड्यांची पलटण. जानेवारी १९८२ मध्ये देशातल्या बेरोजगारांचा आकडा तीस लाखांच्या वर गेला, आणि आमच्या रस्त्यावर भर दुपारी खिडकीत बसलेले बाप्ये दिसायला लागले. आधीच्याच वर्षी ब्रिक्स्टन, साउथॉल, टॉक्स्टेथ या वस्त्या दंगलींनी पेटल्या होत्या. शाळेतून घरी येताना काय ऐकावं लागायचं ते इथे लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

म्हणून मला बिलीचं गाव ओळखीचं होतं. सुपरमॅनचं मेट्रोपोलिस किंवा स्पायडरमॅनचं न्यूयॉर्क मी कधी पाहिलं नव्हतं, पण लाइम स्ट्रीट माझ्या खिडकीतून दिसायचा. तशीच कौलं, तसाच पावसाच्या पाण्याचा पन्हळ, भिंतीवरून खाली आलेला तसाच ओतीव लोखंडाचा पाइप. मुलगी म्हणून मी छपरावर चढण्याची शक्यता शून्य होती, पण कुठल्या पन्हळावरून कुठल्या धुराड्यावर उडी मारता येईल याचा माझा अभ्यास पक्का होता.

मिरजेला सुट्टीत आलो की मावसभावांकडे इंद्रजालचे मराठी अंक असायचे, रंगीत, आणि त्यात वेताळ. वेताळ मला आवडायचा, पण त्याला जंगल होतं, कवटीची गुहा होती, घोडा होता, पिढ्यान् पिढ्यांची गादी होती. बिलीला एक बारकी खोली होती आणि तिचं दार आतून लागत नसे.

आता त्या पानांबद्दल. दर आठवड्याला बिलीच्या वाट्याला दोन-तीन पानंच यायची. एवढ्यात लेखकाला काय काय करावं लागे ते पाहा. सुरुवातीला एक चौकट, तिच्यात आतापर्यंतची हकिगत दोन वाक्यांत. नवा वाचक आला असेल, मागचा अंक कुणाचा हुकला असेल, त्याला लगेच आत घ्यायचं. मग गेल्या आठवड्यात ज्या संकटात बिलीला टांगून ठेवलं होतं त्यातून त्याला सोडवायचं, तेही तीन-चार चौकटींत. मग गोष्ट थोडी पुढे. आणि शेवटच्या चौकटीत पुन्हा नवं संकट, म्हणजे पुन्हा क्रमशः. यात पाल्हाळाला जागाच नाही. अमेरिकन मासिकात नायक दोन पानं स्वतःशी बोलत बसू शकतो. इथे बिलीला जे वाटतं ते धावता धावता, एका फुग्यात.

आणि चित्रं! माइक वेस्टर्न आणि एरिक ब्रॅडबरी या दोघांच्या हातची. वेस्टर्नचं रेखाटन मोकळं, माणसं खरी. अंकल चार्लीच्या चेहऱ्यावर एकाच पानात लाडीगोडी, लोभ आणि राग असे तिन्ही भाव येऊन जायचे आणि ते एकाच माणसाचे वाटायचे. ब्रॅडबरीची शाई दाट. रात्रीच्या दृश्यात तो आभाळ सरळ काळंकुट्ट भरून टाकायचा, त्यावर छपराची एक पांढरी कड, आणि त्या कडेवर दबा धरून बसलेला ठिपक्यांचा मुलगा. त्या स्वस्त कागदावर बारीक रेघ टिकायची नाही, शाई पसरायची. त्यामुळे चित्रकार मुळातच काळ्याचा आणि पांढऱ्याचा हिशेब करून काढायचे. मी नंतर त्याच मालिकेचं रंग भरून केलेलं पुनर्मुद्रण पाहिलं. रंगांनी त्यातली रात्र घालवून टाकली.

मार्व्हलची साप्ताहिकंही दुकानात असायचीच. मार्व्हलने ब्रिटनमध्ये १९७२ च्या सप्टेंबरात 'द मायटी वर्ल्ड ऑफ मार्व्हल' काढून बस्तान बसवलं, पुढच्या वर्षी स्पायडरमॅनचं स्वतंत्र साप्ताहिक आलं. यांत अमेरिकन मासिकांतल्या गोष्टी तुकडे करून छापत. मूळ रंग काढून टाकत, त्याजागी करडे ठिपके. एका मासिक अंकाचे दोन-तीन आठवडे होत. मूळ लेखकाने जिथे थांबायचं ठरवलं होतं तिथे गोष्ट थांबायचीच नाही. मध्येच, माणूस वाक्य बोलत असताना, 'पुढील अंकी'. बिलीची मालिका आठवड्यासाठीच लिहिलेली होती आणि ही कापून आठवड्याची केलेली होती, हा फरक पोरांनाही जाणवायचा. स्पायडरमॅन मला आवडत नव्हता असं नाही. पण त्याचा अंक वाचून संपला की अपुरं जेवल्यासारखं वाटायचं.

ब्रिटिश मातीतला मार्व्हलचा नायक म्हणजे कॅप्टन ब्रिटन. १९७६ च्या ऑक्टोबरात त्याचं साप्ताहिक निघालं, पहिल्या अंकासोबत मुखवटा, दुसऱ्यासोबत बूमरँग. लिहिणारा ख्रिस क्लेअरमाँट, जन्माने लंडनचा पण वाढला अमेरिकेत. काढणारा हर्ब ट्रिम्प, अमेरिकन. छातीवर सिंह आणि मर्लिनने दिलेली शक्ती. वर्षभरात ते बंद पडलं. मला त्याचं नवल वाटत नाही. परक्याने पोस्टकार्डं पाहून काढलेलं ब्रिटन होतं ते. कॅप्टन ब्रिटन खरा उभा राहिला तो १९७९ मध्ये 'हल्क कॉमिक' या साप्ताहिकात. संपादक डेझ स्किनने तिथे इंग्रज लेखक-चित्रकारांना स्वतःच्या गोष्टी करायला दिल्या. स्टीव्ह पार्कहाउसने 'ब्लॅक नाइट' लिहिली, चित्रं जॉन स्टोक्स आणि पॉल नीरी यांची, आणि स्मृती हरवलेला कॅप्टन ब्रिटन त्या गोष्टीत आणला. आर्थरच्या दंतकथा, गुहा, राक्षस, दाट झाडी. ती मालिका दर आठवड्याला इनमीन तीन-चार पानांची असे, पण इतकी गूढ की मी ती वाचून पांघरुणात शिरायची. त्याच अंकात डेव्हिड लॉइडने चितारलेला 'नाइट रेव्हन' होता. लॉइडने पुढे 'वॉरियर'मध्ये मूरबरोबर 'व्ही फॉर व्हेंडेटा' केलं, ते जगाला माहीत आहे. त्याची सावल्यांवरची हुकमत मात्र इथेच दिसायला लागली होती. 'हल्क' १९८० मध्ये बंद झालं. नंतर चित्रकार ॲलन डेव्हिसने कॅप्टन ब्रिटनला नवा पोशाख दिला आणि मूरने त्याच्या गोष्टी लिहिल्या, पण त्या मासिकांत.

बनानामॅनला वगळून पुढे जाणं मला जमणार नाही. 'नटी' नावाचं डी. सी. थॉमसन या प्रकाशन कंपनीचं साप्ताहिक १९८० च्या फेब्रुवारीत निघालं, त्याच्या पहिल्या अंकापासून तो होता. एरिक नावाचा शाळकरी मुलगा केळं खातो आणि सुपरहिरो होतो. ताकद वीस माणसांची, अक्कल त्या मानाने बेताची. जॉन गीअरिंगची चित्रं अशी की नुसतं हनुवटीकडे पाहून हसू यावं. १९८३ पासून बीबीसीवर त्याची कार्टून मालिका आली आणि मग शाळेच्या डब्यात केळं नेणं अवघड झालं, इतकी ती सगळ्यांच्या तोंडी होती.

'२००० एडी' हे विज्ञानकथांचं साप्ताहिक मी नंतर वाचायला लागले, शेजारच्या मुलाकडून मागून. त्यातला जज ड्रेड सुपरहिरो नव्हे, तो पोलीसही आणि न्यायाधीशही, आणि त्याच्यावर प्रेम करावं असं त्याच्यात काही नाही. पण १९८२ च्या पूर्वार्धात त्यात 'द अपोकॅलिप्स वॉर' ही अणुयुद्धाची गोष्ट चालली. कार्लोस एझकेराने ती सगळी एकट्याने काढली. ड्रेडचं अर्धं शहर, चाळीस कोटी माणसं त्यात मेली. अमेरिकन कॉमिकमध्ये शहर मोडलं तर पुढच्या अंकात पुन्हा उभं दिसतं. इथे मोडलं ते मोडलंच. त्या काळात शाळेत आम्हाला अणुयुद्धाची भीती खरोखरच होती. मोठी माणसं जेवताना त्याबद्दल बोलायची. बारा वर्षांच्या मुलांशी त्याबद्दल सरळ बोलणारं ते एक साप्ताहिक होतं.

'२००० एडी'ने आणखी एक गोष्ट केली, तिचं मोल मला फार उशिरा कळलं. त्यांनी लेखक-चित्रकारांची नावं छापली. 'बस्टर'मध्ये नावं नसत. ब्रिटिश साप्ताहिकांची ती रीतच होती. मूळ चित्रं प्रकाशकाच्या मालकीची, पुनर्मुद्रणाचा पैसा नाही, आणि वाचकाला नाव माहीत नाही. मी कित्येक वर्षं बिलीवर जीव टाकला, पण त्याला लिहिणाऱ्याचं नाव टॉम टली हे मला वयाच्या तिशीनंतर कळलं. हाच माणूस फुटबॉलची 'रॉय ऑफ द रोव्हर्स' लिहायचा. याच माणसाने साठच्या दशकात 'व्हॅलियंट' साप्ताहिकात 'द स्टील क्लॉ'च्या गोष्टी लिहिल्या होत्या, पोलादी पंजाचा आणि अदृश्य होणारा नायक. ते पात्र सत्तरच्या दशकात शिवकाशीच्या मुत्तु कॉमिक्सने तमिळमध्ये आणलं, 'इरुंबुक्कै मायावी' म्हणून, आणि तमिळ घरांत तो आजही घरचा नायक आहे. चेन्नईतल्या एका सहकाऱ्याशी बोलताना हे जुळलं तेव्हा आम्ही दोघंही थक्क झालो. त्याच्या आणि माझ्या बालपणाचा लेखक एकच होता, आणि आम्हाला दोघांनाही तो माहीत नव्हता. दर आठवड्याला पानं भरून देणारे, घरभाड्यासाठी लिहिणारे हे लोक. त्यांच्या अंकावर त्यांचं नाव असायला हवं होतं. याबाबतीत मी कुठलंही 'त्या काळी तसंच होतं' ऐकून घेत नाही.

मुलींची साप्ताहिकं वेगळी असत, 'टॅमी', 'जिंटी', 'मिस्टी'. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं दुकान युगांडातून आलेल्या एका गुजराती कुटुंबाचं होतं. घरपोच टाकायच्या अंकांच्या कोपऱ्यावर ते पेन्सिलीने घराचा आकडा लिहीत. आमच्या आकड्याखाली पहिले काही आठवडे 'जिंटी' यायचं, कारण घरात मुलगी. मग मी जाऊन 'बस्टर' हवं म्हणून सांगितलं. काकांनी "भाईसाठी का, बेटा?" असं विचारलं, माझ्यासाठी म्हटल्यावर मान डोलावली आणि दोन्ही टाकायला लागले, पैसे एकाचेच घ्यायचे, 'जिंटी' वाचून परत द्यायचं. 'जिंटी'ही सोपं नव्हतं. दुष्ट पालक, छळणारी शाळा, गुलामासारखं राबवल्या जाणाऱ्या मुली. अंकल चार्ली तिथेही होते, फक्त तिथल्या मुलींना बिबट्याने ओरबाडलेलं नव्हतं. त्यांना सगळं साध्या अंगाने निभावून न्यावं लागे.

ही साप्ताहिकं जायची कशी तेही सांगते. खप उतरला की एका आठवड्यात मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत आनंदाची बातमी यायची: आतल्या पानावर पाहा! आनंदाची बातमी म्हणजे तुमचं साप्ताहिक पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्यात विलीन. 'मिस्टी' १९८० मध्ये 'टॅमी'त गेलं, 'जिंटी' १९८१ मध्ये. 'जॅकपॉट' १९८२ मध्ये 'बस्टर'मध्ये आलं. आपला नायक नव्या अंकात जागा मिळवेल की गळेल, ते तेव्हाच कळायचं. आठवड्याच्या आठवड्याला ज्यांच्या सोबत राहिलो त्यांचा निरोपही न घेता ती गोष्ट संपायची. बिली यातून टिकला, कारण 'बस्टर' टिकलं. दुसऱ्यांना गिळत गिळत ते २००० पर्यंत चाललं. बिलीची मालिका मात्र १९८५ च्या मे महिन्यात थांबली. त्याच वर्षाअखेर स्पायडरमॅनचं साप्ताहिकही बंद झालं. तोवर जज ड्रेडचा एक चित्रकार ब्रायन बोलंड अमेरिकेसाठी काढू लागला होता, मूर अमेरिकेसाठी लिहू लागला होता. आठवड्याला थोडक्या पानांत गोष्ट बसवण्याची तालीम त्यांनी इथे केली होती, आणि माझं ठाम मत आहे की त्यांच्या पुढच्या मोठ्या कामांचा आटोपशीरपणा इथून आला आहे.

२०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या रिबेलियन कंपनीने या जुन्या साप्ताहिकांचे हक्क विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी बिलीच्या गोष्टींचा पहिला खंड पुस्तकरूपाने काढला. मुखपृष्ठावर तिन्ही नावं आहेत: टली, वेस्टर्न, ब्रॅडबरी. ब्रॅडबरी २००१ मध्ये गेले होते, वेस्टर्न २००८ मध्ये. त्यांना ते पुस्तक पाहायला मिळालं नाही, याची चुटपुट मला पुस्तक हातात घेताना प्रत्येक वेळी लागते.

पुस्तक मिळवून कुणी वाचणार असेल तर एक सांगते. एका बैठकीत वाचू नका. सलग वाचलं की प्रत्येक दोन-तीन पानांनी येणारी तीच ती 'आतापर्यंत काय झालं'ची चौकट अंगावर येते, संकटं एकावर एक रचल्यासारखी वाटतात, आणि लेखक साधा आहे असा ग्रह होतो. माझ्या भाचीने तसंच केलं आणि कंटाळली. मग आम्ही ठरवलं, शनिवारी एक भाग, पुढचा पुढच्या शनिवारी, मध्ये पान उलटायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने बुधवारी फोन करून विचारलं, अंकल चार्लीने कॅमेरा विकला असेल का गं? मलाही आठवत नव्हतं. शनिवारपर्यंत थांबू म्हटलं.